मागच्या टर्फचे दिवे रात्री एक वाजेपर्यंत झोपायच्या खोलीत येतात. काय करता येईल?

तिसरा_मजला

नमस्कार.

आम्ही पुण्याच्या पश्चिम भागातील एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीमागचा भूखंड अनेक वर्षे मोकळा होता. गेल्या दिवाळीनंतर तेथे बॉक्स क्रिकेटचे टर्फ सुरू झाले. टर्फला चारही बाजूंनी जाळी आहे, लांब बाजूंना चार-चार असे एकूण ८ खांब आहेत आणि प्रत्येक खांबावर दोन-दोन पांढरे एलईडी फ्लडलाइट आहेत. खांबांची टोके आमच्या खिडकीपेक्षा थोडी खालीच येतात. आमच्या बाजूची रांग अंदाजे १५ मीटरवर आणि पलीकडची रांग ३५ मीटरवर असावी. दिवे संध्याकाळी सहाला लागतात आणि शेवटचे बुकिंग संपेपर्यंत, म्हणजे एरवी साडेबारापर्यंत आणि शनिवार-रविवारी एक-दीडपर्यंत, चालू राहतात.

मागच्या खोलीत माझ्या सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा झोपतात. टर्फचे दिवे चालू असताना त्या खोलीत आमचा एकही दिवा न लावता वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात. खिडकीच्या गजांची सावली मच्छरदाणीवर इतकी ठसठशीत उमटते की गज मोजून घ्यावेत. सासूबाई डोळ्यांवर पदर ओढून झोपतात, पण उन्हाळ्यात अर्ध्या तासात तो घामाने भिजतो आणि त्या उठून बसतात. मुलगा पूर्वी साडेनऊला झोपत असे. आता तो अकरापर्यंत टक्क जागा असतो आणि सकाळी शाळेच्या बससाठी त्याला अक्षरशः उचलून उभे करावे लागते.

जाड पडदे लावून पाहिले. प्रकाश कमी झाला, परंतु दोन्ही कडांनी आणि वरच्या फटीतून येणारे पट्टे तसेच राहिले, आणि मुख्य म्हणजे वारा बंद झाला. टर्फच्या व्यवस्थापकांशी मी दोनदा बोलले. त्यांचे म्हणणे असे की दिवे त्यांच्या जागेत आहेत, वीजबिल ते भरतात आणि प्रकाशाविरुद्ध कोणताही कायदा नाही. मुले खेळतात याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. आमच्या सोसायटीतली मुलेही तेथेच खेळायला जातात. परंतु खेळासाठी लावलेला प्रकाश मैदानावर न पडता आमच्या घरात का पडावा, एवढेच मला कळत नाही.

दिव्यांच्या बाजूने यावर काही करता येते का, कायद्याचा खरोखरच काही आधार नाही का, आणि तोवर खोलीत वारा येऊ देऊन अंधार कसा करावा, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे.

दिवाबत्ती

ताई, मी गेली १८ वर्षे मैदाने, पेट्रोल पंप आणि गोदामे यांची बाहेरची दिवाबत्ती बसवण्याचे काम करतो. आपण वर्णन इतके नेमके केले आहे की दोष कोठे आहे याचा अंदाज येथूनही बांधता येतो.

पहिली गोष्ट, आपल्याला त्रास देणारे दिवे बहुधा जवळच्या खांबांवरचे नाहीत. जवळच्या रांगेतल्या दिव्यांची पाठ आपल्याकडे आहे. पलीकडच्या रांगेतले दिवे मैदानावर प्रकाश टाकण्यासाठी आपल्या इमारतीच्या दिशेने तोंड करून उभे आहेत, आणि ते प्रमाणाबाहेर वर उचललेले असणार. खांब कमी उंचीचे असले की मैदानाच्या मध्यापर्यंत उजेड पोहोचवण्यासाठी फिटिंग वर उचलण्याचा मोह होतो. काम लवकर उरकते, मालकाला सगळीकडे लख्ख दिसते आणि अर्धा प्रकाश जाळीवरून पलीकडच्या घरांत जातो. आमच्या व्यवसायातली ही फार जुनी खोड आहे आणि मला तिचे वाईट वाटते, कारण त्यात मालकाची वीजही वाया जाते.

दुसरी गोष्ट आपल्या बाजूची आहे. दिवे आपल्या खिडकीपेक्षा खाली आहेत. फिटिंगची काच जमिनीला समांतर ठेवली, तर तिच्यातून आडव्या रेषेच्या वर थेट प्रकाश जातच नाही, आणि आपल्या खिडकीत येईल तो फक्त मैदानावरून परावर्तित झालेला. साधे फ्लडलाइट असे सपाट ठेवले तर प्रकाश खांबाच्या बुडाशीच साचतो, म्हणून या कामासाठी असममित झोताचे फ्लडलाइट मिळतात: त्यांची काच सपाट राहते आणि आतला परावर्तक किंवा भिंग झोत पुढे फेकते. सगळ्या ८ खांबांवरचे दिवे बदलायची गरज नाही. पलीकडच्या चार खांबांवरचे ८ दिवे बदलले तरी पुष्कळ फरक पडेल.

तेवढा खर्च करायची मालकाची तयारी नसेल, तर तीन स्वस्त उपाय आहेत. फिटिंग खांबाला धरून ठेवणाऱ्या यू-ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून फिटिंग जितकी खाली झुकवता येईल तितकी झुकवावी. फिटिंगच्या वरच्या कडेला पत्र्याचा छज्जा बसवून तो आतून काळा रंगवावा. रंगवायला विसरले तर तोच पत्रा आरशासारखे काम करतो. आणि आपल्या बाजूच्या जाळीच्या वरच्या भागात शेतकरी वापरतात ती दाट शेडनेट बांधावी. नेट मात्र जाणकाराकडूनच बांधून घ्यावी, कारण वळवाच्या वाऱ्यात तिचा ताण खांबांवर येतो आणि कमकुवत खांब वाकतात.

हे काम दिवसा करून उपयोग नाही. मागे एका मैदानावर असेच काम केले तेव्हा आमचा एक मुलगा खांबावर होता आणि तक्रार करणारे काका स्वतःच्या पलंगावर उशीला डोके टेकवून फोनवर बोलत होते. "अजून काच दिसते, अजून दिसते, आता फक्त कड दिसते, आता नाही," असे ते सांगत गेले आणि "आता नाही" म्हटल्यावर बोल्ट आवळला. आपली कसोटी हीच ठेवा: उशीवरून दिव्याची पेटती काच दिसता कामा नये. मालकाकडे जाताना "दिवे बंद करा" असे न म्हणता "तुमच्या विजेतला बराच भाग माझ्या भिंतीवर पडतो, तो मैदानावर आणून देणारा माणूस मी आणते" असे म्हणून पाहा.

डॉक्टर_सोलापूर

वरील उत्तर महत्त्वाचे आहे. मी फक्त शरीराच्या बाजूने थोडे लिहितो, कारण "पडदा लावा आणि झोपा" असे म्हणणारे लोक या त्रासाला नाजूकपणा समजतात.

डोळ्यांच्या पडद्यात पाहण्यासाठीच्या पेशींखेरीज काही पेशी अशा असतात की त्यांचे काम केवळ उजेड आहे की अंधार हे मेंदूला कळवणे एवढेच असते. २००२ मध्ये त्या प्रकाशाला स्वतंत्रपणे प्रतिसाद देतात हे सिद्ध झाले. त्यांच्यातले मेलानोप्सिन हे द्रव्य सुमारे ४८० नॅनोमीटरच्या, म्हणजे निळसर, प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देते. पांढरा एलईडी हा मुळात निळा प्रकाश देणारा तुकडा असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो; त्यामुळे त्या प्रकाशात निळ्याचा वाटा भरपूर असतो. झोपेच्या नेहमीच्या वेळेच्या सुमारे दोन तास आधी मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक, वाढू लागते. त्याच वेळी असा प्रकाश डोळ्यांवर पडला की ही वाढ दबते आणि झोप पुढे ढकलली जाते.

आपण सासूबाईंची काळजी आधी लिहिली आहे, ती योग्यच आहे, कारण उतारवयात झोप सावध असते. पण मला मुलाची अधिक काळजी वाटते. वयानुसार डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश थोडा अडतो. लहान मुलांचे भिंग स्वच्छ आणि बाहुली मोठी असते, म्हणून तोच प्रकाश त्यांच्यावर जास्त परिणाम करतो. कोलोरॅडो विद्यापीठात ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपेच्या आधीच्या तासात ५ ते ४० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) इतक्या मंद प्रकाशानेही मेलाटोनिन सरासरी ७८ टक्क्यांनी घटलेले आढळले. आपला मुलगा त्याहून मोठा आहे, तरी तो अकरापर्यंत जागा राहतो हा हट्ट नाही, एवढे लक्षात घ्यावे. त्याला त्यासाठी रागावू नये.

२०२२ मध्येच तज्ज्ञांच्या एका गटाने शिफारस केली की झोपेच्या आधीचे तीन तास डोळ्यांशी पडणारा प्रकाश १० लक्सच्या आत आणि झोपेत १ लक्सच्या आत असावा. त्यांचे लक्स निळ्या प्रकाशाला अधिक वजन देऊन मोजलेले आहेत, म्हणून साध्या मीटरच्या आकड्याशी ते तंतोतंत जुळणार नाहीत. पण अंदाजासाठी पुरेत. तुलनेसाठी, पौर्णिमेचे चांदणे साधारण पाव लक्स असते.

दोघांची पलंगाची बाजू बदलून डोके खिडकीच्या भिंतीकडे करता येते का पाहा. प्रकाश डोक्यावरून जाऊन समोरच्या भिंतीवर पडेल आणि डोळ्यांत थेट येणार नाही. मुलासाठी मऊ सुती पट्टी चालेल. सासूबाई रात्री उठत असतील तर त्यांना पट्टी देऊ नये. अंधारात ती बांधलेल्या अवस्थेत उठून पडल्याचे रुग्ण मी पाहिले आहेत.

गच्चीवरून

माझा त्रास याच जातीचा पण सार्वजनिक दिव्याचा आहे. आमच्या घरासमोरचा पिवळा सोडियमचा पथदिवा काढून पांढरा एलईडी लावला, तेव्हापासून पुढच्या खोलीत कोणी झोपत नाही. अशा दिव्याला छज्जा लावून मिळतो का?

दिवाबत्ती

मिळतो. खांबावर रंगाने लिहिलेला क्रमांक तक्रारीत जरूर नोंदवा, नाहीतर तक्रार फिरत राहते. "दिवा काढा" असे न लिहिता "घराच्या बाजूने आडोसा बसवा आणि फिटिंग सपाट करा" असे लिहा. पथदिव्याची काच जमिनीला समांतरच असायला हवी. हात वर उचललेला असेल तर ती बसवण्यातली चूक आहे. रंगाबाबतही मागणी करता येते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच बाहेरच्या दिव्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून उबदार प्रकाशाची शिफारस केली आहे (केल्विनचा आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर), आणि तसे दिवे आपल्या बाजारात सर्रास मिळतात.

पेंचजवळ

सरकारी दिवे बदलत नाहीत असे कोणी म्हणत असेल, तर आमच्याकडचे उदाहरण सांगते. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचे आकाश अंधारे राखलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर पथदिवे आणि सार्वजनिक दिवे बदलण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. रस्ता दिसतो आणि आकाशही दिसते.

दिवाणी_वकील

व्यवस्थापकांचे विधान अर्धे खरे आहे. प्रकाशप्रदूषणावर भारतात स्वतंत्र कायदा नाही. पण त्यावरून आपल्याला काहीच उपाय नाही असे ठरत नाही.

स्वतःच्या जागेचा वापर करताना शेजाऱ्याच्या घरातल्या सामान्य सुखसोयीत अवाजवी अडथळा आणणे याला कायद्यात उपद्रव म्हणतात, मग तो धुराने होवो, वासाने होवो, आवाजाने होवो किंवा प्रकाशाने. त्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमाचा दावा करता येतो आणि निकाल लागेपर्यंत तात्पुरता मनाई हुकूमही मागता येतो. न्यायालय पाहते ते असे: त्रास किती तीव्र आहे, किती वेळ आणि किती वारंवार होतो, वस्ती कोणत्या स्वरूपाची आहे, आणि सर्वसाधारण माणसाला तो सहन करणे भाग पडावे का. निवासी इमारतीमागे रोज मध्यरात्रीनंतरपर्यंत चालणारा झोत या कसोट्यांवर आपल्या बाजूने जाऊ शकतो. न्यायालय टर्फ बंद करण्यापेक्षा वेळ आणि दिव्यांची दिशा यांवर अटी घालण्याची शक्यता जास्त असते, आणि आपली मागणीही तेवढीच आहे.

दुसरा मार्ग सार्वजनिक उपद्रवाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये त्याची व्याख्या आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी तो दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १३३ ते हेच. या मार्गासाठी त्रास एका घराचा असून भागत नाही, तो आसपासच्या लोकांचा असावा लागतो. म्हणून मागच्या बाजूच्या सर्व सदनिकाधारकांच्या सह्या घ्याव्यात आणि अर्ज सोसायटीच्या पत्रशीर्षावर, कमिटीच्या ठरावासह द्यावा. एकट्याने केलेली तक्रार "यांनाच काय तो त्रास होतो" या शेऱ्याखाली दबते, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

झोपेला घटनात्मक आधारही आहे. रामलीला मैदान प्रकरणातल्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झोप हा अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. अर्जात त्याचा एका वाक्यात उल्लेख जरूर करावा.

याशिवाय टर्फवर ध्वनिक्षेपक लागत असेल, तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर त्याला मनाई आहे. सणासुदीच्या मोजक्या दिवसांची सवलत टर्फसाठी नाही. या नियमाची अंमलबजावणी पोलिसांना परिचित असल्यामुळे पुष्कळदा आवाजाच्या तक्रारीने वेळ आटोक्यात येते आणि त्याबरोबर दिवेही विझतात. त्या भूखंडावर टर्फला परवानगी आहे का, आणि असल्यास कोणत्या अटींवर व कोणत्या वेळेपर्यंत, हे माहिती अधिकारात विचारावे. १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

मात्र यातले काहीही करण्यापूर्वी नोंदी ठेवा. किमान १५ दिवसांची वही हवी: तारीख, दिवे किती वाजता विझले, खोलीतले छायाचित्र. खोलीचे छायाचित्र फोन आपोआप उजळवतो, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका. लक्स मीटरचे आकडे सोबत ठेवा. प्रकाशतंत्राच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या, म्हणजे सीआयईच्या, मार्गदर्शक पुस्तिकेत उपनगरी निवासी भागात घराच्या खिडकीवर पडणाऱ्या बाहेरच्या प्रकाशाची मर्यादा संध्याकाळी १० लक्स आणि रात्री ठरावीक वेळेनंतर २ लक्स अशी दिली आहे. ती आपल्याकडे बंधनकारक नाही, परंतु "अवाजवी" म्हणजे किती, हे अधिकाऱ्याला सांगण्यासाठी तिच्याइतका चांगला आधार मला माहीत नाही.

रेडिंगकर

इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने कृत्रिम प्रकाश हा वैधानिक उपद्रव ठरवला आणि तो २००६ पासून लागू झाला. आमच्या मागच्या घराच्या सुरक्षादिव्याबाबत आम्ही स्थानिक कौन्सिलकडे तक्रार केली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आम्हालाच वही ठेवायला सांगितली, अगदी वरील वकीलसाहेबांनी सांगितली तशीच. क्रीडांगणांना तेथे पूर्ण सूट नाही. त्यांना व्यवहार्य ते सर्व उपाय केल्याचे दाखवता आले तर बचाव मिळतो. व्यवहार्य उपाय म्हणजे आडोसा, कोन आणि वेळ, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. आपल्याकडचा कायदा वेगळा असला तरी टर्फच्या मालकांशी बोलताना हे तीन शब्द उपयोगी पडतील असे वाटते.

तिसरा_मजला

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून काय झाले ते लिहिते.

प्रथम सोसायटीतल्या एका अभियंत्याकडून लक्स मीटर आणला. खिडकीच्या चौकटीत मीटर उभा धरून बाहेरच्या दिशेने मोजले तेव्हा १९ लक्स आले. टर्फ बंद झाल्यावर त्याच जागी १ पेक्षा कमी. कमिटीने ठराव केला आणि मागच्या बाजूच्या २२ घरांपैकी १७ घरांनी सह्या दिल्या. ते पत्र घेऊन आम्ही या वेळी व्यवस्थापकांकडे न जाता थेट मालकांकडे गेलो. दिवाबत्ती यांनी लिहिले होते तसेच बोलले, आणि त्यांना वर आमच्या खोलीत येऊन पाहण्याची विनंती केली. ते आले. रात्री साडेदहा वाजले होते आणि सासूबाई पदर डोळ्यांवर घेऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मच्छरदाणीवरची गजांची सावली पाहून ते काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालून हे कळत नाही हो."

पुढच्या मंगळवारी त्यांचा वायरमन खांबावर चढला आणि मी उशीवर डोके ठेवून फोनवर सांगत राहिले. पलीकडच्या चारपैकी तीन खांबांवरचे दिवे खाली झुकवून त्यांना काळे छज्जे बसवले आहेत. आता खिडकीत ६ लक्स येतात. त्यातले बरेचसे चौथ्या, कोपऱ्यातल्या खांबावरून येतात, कारण त्याचे बोल्ट गंजून घट्ट बसले आहेत आणि पूर्ण ब्रॅकेटच बदलावा लागणार आहे. अकरानंतर एका आड एक दिवे बंद ठेवण्याचेही त्यांनी मान्य केले आहे; शनिवारी ते पाळले गेले नाही, ती नोंद वहीत केली आहे आणि त्यांना कळवली आहे.

पलंग फिरवला आहे. पडद्याचा रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडे वीतभर लांब घेऊन त्याची टोके भिंतीकडे वळवून घेतली, त्यामुळे कडांचे पट्टे गेले. आता पडदा खालून थोडा उचलून ठेवला तरी चालते आणि वारा येतो. मुलगा काल दहाला झोपला. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र दिला आहे आणि तो मागे घेणार नाही, कारण वेळेची अट कागदावर असल्याशिवाय पुढच्या हंगामात ती टिकेल असे मला वाटत नाही. कोपऱ्यातला ब्रॅकेट बदलला की पुन्हा मोजून येथे आकडा लिहीन.